बसत्या उंचीचा ओटा

घरोघरी मातीच्या चुली असं म्हणतात. आमच्या सासरी एकाच खोलीत दोन होत्या आणि दोन्ही उजाडायच्या आधीपासून पेटलेल्या असायच्या. लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावर माझ्या सासूबाईंची खानावळ होती. गिरण्यांत काम करणारी, बायकामुलं कोकणात ठेवून एकटी राहणारी आमच्या मुलखातली माणसं तिथे जेवायला यायची. पाळीवर जायच्या आधी एक पंगत, पाळी सुटली की दुसरी. मी लग्न होऊन तिथे आले ती गिरगावातून, आणि पहिले कित्येक महिने मी धुरातच संसार केला.

तो धूर मला अजून आठवतो आणि खरं सांगायचं तर आवडतो. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं की धुराचे पट्टे पडायचे आणि त्या पट्ट्यांतून माणसं एकेक करून उगवायची. आधी नुकतेच धुतलेले ओले हात दिसायचे, मग खांद्यावरचा पंचा, मग चेहरा. कुणाच्या केसांत कापसाची पिंज अडकलेली असायची, ती उन्हात चमकायची. भाताची वाफ, ओलं लाकूड आणि कोकमाची सोलं यांचा वास एकमेकांत मिसळून खोलीभर तरंगत राहायचा. बाहेर गिरण्यांची घरघर कधी थांबायचीच नाही, त्यामुळे ती कुणाला ऐकूही यायची नाही. मला पुष्कळदा वाटायचं, मी इथे राहतच नाही, गिरगावात दुपारची झोपले आहे आणि हे सगळं मला दिसतं आहे. मग सासूबाईंची हाक यायची, "सुने, नारळ खवलंस?" आणि नारळ खवलेला नसायचा.

सासूबाई दोन चुलींच्या मध्ये पाटावर बसायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, एक गुडघा उभा. उजव्या हाताला भाताचं पातेलं, डाव्या हाताला सार, मागे मसाल्याचा पाटा, पुढे पाण्याचं घमेलं. एकदा बसल्या की पंगत उठेपर्यंत उठायच्या नाहीत, सगळं हाताच्या टप्प्यात. बसल्या जागेवरून त्यांनी त्या खोलीवर राज्य केलं. सासरे गेल्यावर ही खानावळ त्यांनी एकटीने उभी केली होती. जेवायला येणारे सगळे त्यांना मावशी म्हणायचे आणि भाताला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

आमच्या ह्यांना मी धुराबाहेर नीट पाहिलं ते लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, चौपाटीवर. तेव्हा कळलं की हे गोरे आहेत. हे विणकर खात्यात होते आणि गिरणीतून सुटले की मोर्चाला जायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती वर्षं. लालबाग-परळच्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी रस्त्यावर होता. मुंबई आपली की त्यांची, यावरून पंगतीत रोज आरडाओरडा व्हायचा. सगळेच एका बाजूचे होते, तरी भांडायचे. सासूबाई म्हणायच्या, "मुंबय खंय पळान जाता? आधी जेवा."

सासूबाईंचे डोळे आधीपासून पाझरायचे. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांचे पाझरतातच, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. मग एक दिवस त्यांनी आमटीत मीठ म्हणून खोबऱ्याचा कीस घातला. लोक हसले, त्याही हसल्या. मी हसले नाही, कारण मी समोर बसले होते आणि मीठ आणि कीस वेगवेगळ्या बाजूंना ठेवलेले मला दिसत होते. त्या डबा पाहत नव्हत्या, चाचपत होत्या.

परळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. एक डोळा जवळजवळ गेलाच होता आणि दुसराही त्याच वाटेवर होता. डॉक्टर म्हणाले, धूर सोडा, नाहीतर उरलंय तेही जाईल. येताना सासूबाई रस्ताभर तोंड फुगवून होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टराक काय जाता सांगूक? तेका दोन वेळ आयता जेवक गावता."

ह्यांनी मात्र त्याच दिवशी ठरवून टाकलं. "आये, बस झाला आता. गणपतीक गावाक चल आणि थंयच रव. दादा आसा, वयनी आसा. पडवेत बस, आराम कर." सासूबाईंनी पातेल्यातला भात उलथन्याने मोकळा केला, पुन्हा केला, मोकळा झालेला भात तिसऱ्यांदा केला. मला त्यांची कीव आली आणि लगेच रागही आला, त्यांचा नव्हे, ह्यांचा. ज्या बाईला कुणी पाण्याचा तांब्या आणून दिला तरी अवघडल्यासारखं होतं, तिला पडवीत बसवून वाढणार होते.

ह्यांच्या भीतीलाही कारण होतं, ते सांगायला हवं. आमच्या वरच्या मजल्यावर एका बाईचा स्टो भडकला होता. दार आतून लावलेलं होतं, ते फोडणाऱ्यांत हे होते. तेव्हापासून ह्यांना विस्तवाची धास्ती. अंधूक दिसणारी आपली आई दोन पेटत्या चुलींमध्ये बसते, या विचाराने हे मागावर उभे असतानाही दचकायचे. पण असं तोंडाने म्हणतील तर शपथ. नुसते गावाला चल, गावाला चल करत राहायचे.

आता मी पडले गिरगावची, म्हणजे जरा शेफारलेली. माझ्या माहेरी ओटा होता, आई उभ्याने स्वयंपाक करायची आणि शेजारच्या बिऱ्हाडात गॅसची शेगडी होती. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. लालबागला तर गॅसची नळी रस्त्याखालून जातच होती, समोरच्या हॉटेलात ती आलेली होती. मी म्हटलं, आई गावाला कशाला जातील, धूरच गावाला पाठवू. हे माझ्याकडे बघतच राहिले. शेवटी म्हणाले, "गणपतीपर्यंत कर काय करायचं ते. पण एकदा जरी भाजली तरी मी ऐकणार नाही." तेवढा वेळ मला पुरेल असं मला वाटलं.

फिटर माहीमचा होता. खाकी चड्डी, कानावर विडी, आणि शेजारी काय बोलतात याच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखा चेहरा. त्याने खोलीत पाय ठेवला आणि पहिल्याप्रथम वर पाहिलं. चुलीवरच्या फळीवर आम्ही सुकी मासळी, पापड आणि चिंध्यांची बोचकी ठेवायचो. "ये सब हटाव. वर कायपन नको, टांगलेला पन नको." मग त्याने फळकुटाचं टेबल पाहिलं, जे मी मोठ्या हौसेने शेगडीसाठी आणून ठेवलं होतं, आणि त्याच्यावर बोटाने टकटक केली. "बाई, लाकडाच्या उरावर विस्तव ठेवते काय?" मग गवंडी बोलावला, विटांचे पाय रचले, वर कडाप्पा बसवला. ओटा माझ्या कमरेएवढा झाला, अगदी माझ्या माहेरच्यासारखा.

ओटा बांधायच्या आधी खिडकीवरून सासूबाईंचं आणि फिटरचं जुंपलं होतं. त्यांचं म्हणणं, रांधणाऱ्याचं तोंड उगवतीला हवं. म्हणजे शेगडी नेमकी खिडकीखाली आली. फिटर म्हणाला, "खिडकी उघडी पायजे, पन शेगडी तिच्या तोंडाशी नको. वारा आला, आग गेली, गॅस चालूच. मग?" सासूबाईंनी विचार केला. "दक्षिणेक तोंड नको म्हणजे झाला," म्हणाल्या. शेवटी उत्तरेवर तडजोड झाली. शेगडी भिंतीपासून हातभर पुढे आली, रबरी नळी शेगडीच्या मागून न नेता बाजूने नेली आणि मुख्य कॉक दाराजवळच्या भिंतीवर बसवला. का, ते त्याने मला करून दाखवलं. शेगडी भडकली तर तो बंद करायला आगीवरून हात न्यावा लागू नये म्हणून.

मग त्याने वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने प्रत्येक जोडाला लावला. खिडकीतून ऊन येत होतं. धूर नसलेलं ऊन मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहत होते. एका जोडापाशी फेसातून एक बुडबुडा वर आला, फुगला, त्यात सगळी खोली उलटी होऊन तरंगली, सासूबाईंसकट, आणि फुटला. मी तिथेच पाहत बसले होते, मला ते फार सुंदर वाटलं. फिटर म्हणाला, "बघते काय? लिकेज आहे ते." त्याने पाना काढून जोड आवळला, पुन्हा फेस लावला आणि या वेळी काही फुगलं नाही.

सासूबाई तेवढ्यात हळदकुंकू, फूल आणि पेटलेलं निरांजन घेऊन आल्या. नवा विस्तव घरात आला, त्याची पूजा नको? फिटर इतक्या जोरात ओरडला की शेजारणी दारात जमा झाल्या. त्याने निरांजन बाहेर ओटीवर ठेवायला लावलं, सगळे जोड पुन्हा तपासले आणि मग म्हणाला, "आता आना तुमचा देव." हळदकुंकू झालं. मग त्याने शिकवलं, पहिली काडी, मग कॉक, उलटं कधी करायचं नाही. वास आला तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही, आधी भिंतीवरचा कॉक बंद आणि दारं-खिडक्या सताड उघडी. काडी ओढली, कॉक फिरवला, आणि निळी फुलं गोल लागल्यासारखा विस्तव उमलला. शेजारणींच्या तोंडून "बाई गं" निघालं.

सासूबाई शेगडीकडे तोंड करून उभ्या होत्या. "पेटलो?" त्यांनी विचारलं. भर उन्हात ती निळी ज्योत त्यांना दिसतच नव्हती. लाकडाचा लाल जाळ त्यांना निदान भासत तरी होता. त्यांनी तळहात पुढे केला, धग लागली तेव्हा मागे घेतला आणि म्हणाल्या, "पेटलो म्हणूचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावरून हंडा भरून आले आणि दारातच थबकले. सासूबाई ओट्यावर चढून बसल्या होत्या. कडाप्प्यावर पाट ठेवलेला, त्यावर मांडी, एक गुडघा उभा, आणि शेगडी अगदी काखेशी. ज्योत पदराच्या काठापासून चार बोटांवर हलत होती आणि त्या शांतपणे भात ढवळत होत्या. मी हंडा तसाच टाकला आणि धावत जाऊन आधी भिंतीवरचा कॉक फिरवला. "आई, खाली उतरा! जळाल ना!" त्या उलट माझ्यावरच उखडल्या. "वाढूचा उभ्यान, रांदूचा बसान. उभ्यान रांदलेला अंगाक लागणा नाय." बघता बघता माझ्या हंड्याच्या पाण्याचा ओघळ उंबऱ्याबाहेर गेला आणि नेमके त्याच वेळी हे रात्रपाळी करून घरी आले. ओट्यावर बसलेली आई त्यांनी पाहिली. म्हणाले, "झालं ना?" आणि तोंड धुवायला गेले.

मी त्या दिवशी दोघांशीही बोलले नाही. आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना उभं करायचा प्रयत्नही करून पाहिला होता, नाही असं नाही. पण त्यांचे गुडघे पाचव्या मिनिटाला बोलायला लागले आणि उभ्याने त्यांना काहीच सुचलं नाही. मसाला कुठे, पळी कुठे, सगळं हरवलं. बसल्या की सगळं हाताला यायचं, न पाहता. दुपारी मी रागारागाने तांदूळ निवडत बसले होते आणि निवडता निवडता माझ्या लक्षात आलं की चूक त्यांच्या बसण्यात नाही, ओट्यात आहे. ओटा मी माझ्या उंचीचा बांधून घेतला होता, आणि रांधणार होत्या त्या.

गवंड्याला परत बोलावलं तेव्हा तो हसला. फिटर हसला नाही, कपाळाला हात लावला. शेगडी जमिनीवर ठेवायला तो काही केल्या तयार नव्हता. पायाखाली नळी येते, पाणी सांडतं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं धोतर घासतं. मग सासूबाईंना रुंद बैठ्या स्टुलावर बसवलं, त्यांचा कोपर धरला आणि कोपराच्या जरा खाली त्याने भिंतीवर खडूने रेघ मारली. ओटा तेवढाच. पुढच्या कडेला त्याने लोखंडी पट्टी उभी बसवून घेतली, पातेलं सरकलं तरी अंगावर येऊ नये म्हणून. नळी वरून भिंतीला लोखंडी आकड्यांनी धरली. जाताना म्हणाला, "असा ओटा मी कधी लावला नाय. पन चूक काय हाय ते पन सापडत नाय."

सासूबाई त्या ओट्यापुढे बसल्या आणि त्यांचे हात पहिल्यासारखे चालू लागले. पण निळा विस्तव त्यांना दिसेना तो दिसेनाच. पेटला की नाही, मोठा की बारीक, हे पाहायला त्या तळहात पुढे करत. काही दिवसांत हाताला फोड आले. त्यांनी ते पदराखाली लपवले, पण ह्यांनी जेवताना पाहिलेच. त्यातच एकदा डाळ उतू गेली, ज्योत विझली आणि त्या विझलेल्या शेगडीपुढे ढवळत बसल्या. मला दारात वास आला म्हणून बरं. मी कॉक बंद केला, दार-खिडकी उघडली, सगळ्यांना बाहेर अंगणात काढलं. पंगत उन्हात उभी राहिली. मावशीला काय झालं, मावशीला काय झालं, असं सगळे विचारत होते आणि मावशी कडेला, भिंतीला हात लावून एकट्या उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गॅसची नव्हती ती. त्या ह्यांच्या पावलांची चाहूल घेत होत्या.

ह्यांनी आवाज चढवला नाही. फक्त गावाला पत्र टाकतो म्हणाले. मलाही आता काही बोलता येईना. विस्तव न दिसणाऱ्या माणसाने विस्तवाशी बसू नये, हे मला गिरगावात लहानपणीसुद्धा कळलं असतं.

मग तो हरताळाचा दिवस आला. त्या वर्षांत हरताळ पुष्कळ झाले, पण असा कडकडीत मी दुसरा पाहिला नाही. भोंगा झाला नाही. दुकानं मिटलेली, रस्त्यावर गाडी नाही, ट्राम नाही. सकाळीच सगळे पुरुष मोर्चाला गेले, हेही गेले. आणि मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. घरात काही हरवावं आणि काय हरवलंय ते आठवू नये, तसं. बऱ्याच वेळाने कळलं, गिरण्या थांबल्या आहेत. इतके महिने कानांवर जे ओझं होतं ते कुणीतरी उचलून नेलं होतं. कावळा ओरडला तर तीन चाळींपलीकडचा ऐकू येत होता. कुणीतरी लांब पाट्यावर वाटत होतं. लालबाग पाण्याखाली गेल्यासारखं शांत होतं, आणि त्या शांततेत ऊन नुसतं जमिनीवर पडून होतं.

मोर्चाहून माणसं भुकेली येणार, म्हणून आम्ही भात टाकला होता. मी शेगडी पेटवून दिली आणि नारळ फोडायला घेतला. सासूबाई एकदम म्हणाल्या, "सुने, थांब. आवाज करू नको." मी थांबले. त्या मान कलती करून बसल्या होत्या. "ह्यो आवाज कसलो?"

"कसला आवाज?"

"ह्यो. वाऱ्यासारखो. फुस्स करता तो."

मी कान दिला. "गॅसचा आहे आई. ज्योतीचा."

"रोज आसता?"

"रोज असतो. गिरण्यांमुळे ऐकू येत नाही."

त्यांनी शेगडीचा कॉक चाचपला आणि थोडा फिरवला. आवाज बारीक झाला. पुन्हा फिरवला, मोठा झाला. मग त्यांनी मला तो पूर्ण बंद करायला सांगितला, मग काडी लावून पुन्हा सुरू करायला. पेटताना एक हलका धप्प आवाज येतो, तो त्यांनी चार वेळा ऐकला. भांडं ठेवलं की आवाज दबतो, उचललं की मोकळा होतो. भात उकळायला लागला की त्याचा आवाज वेगळा, डाळीचा वेगळा. सकाळभर आम्ही दोघी त्या शेगडीपुढे बसून होतो, नुसत्या ऐकत. मी त्या दिवसाइतकं सुख त्या घरात फार क्वचित अनुभवलं असेल. दुपारी लांबून घोषणा ऐकू आल्या, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि घोषणा जवळ येऊ लागल्या तसं सासूबाई म्हणाल्या, "इले. पानां मांड."

दुसऱ्या दिवशी गिरण्या सुरू झाल्या. मला वाटलं, संपलं. त्या घरघरीत आता काय ऐकू येणार? मला तर काहीच येत नव्हतं. सासूबाई मान कलती करून बसल्या आणि बऱ्याच वेळाने हसल्या. म्हणाल्या, "एकदा वळखलेलो आवाज मागीर कसो चुकात? बाजारात आपलो झिल हाक मारता तो कळता मा?" झिल म्हणजे त्यांचा मुलगा, आमचे हे. पहिले काही दिवस मी डोळ्यांत तेल घालून दाराशी उभी राहायचे, हात भिंतीवरच्या कॉकवर. त्या एकदाही चुकल्या नाहीत. डाळ उतू गेली तर माझ्या आधी त्यांचा हात शेगडीच्या कॉकवर जायचा. तळहात त्यांनी पुन्हा पुढे केला नाही. फोड वाळले, कातडी गेली, नवी आली. ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझी आपली समजूत." गावाहून उत्तर आलं होतं. वहिनींनी पडवीत खाट टाकली होती.

गणपतीला निघायचा दिवस आला. ट्रंक भरलेली, वळकटी बांधलेली, दोन्ही दाराशी. सासूबाईंचं लुगड्याचं गाठोडंही ट्रंकेवर होतं, ते त्यांनी स्वतः बांधलं होतं. जायच्या आधी शेवटची पंगत वाढून जायचं होतं. खोलीत माणसं बसली होती, मावशी परत येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाई ओट्यापुढे सार ढवळत होत्या. बाहेर गिरण्या चालू होत्या.

हे आत आले, पायांतल्या चपला बाहेर काढून. दाराजवळ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग भिंतीवरच्या कॉकवर हात ठेवला आणि तो हळूच, अगदी जरासा, बंद केला. ज्योत खाली बसली. पंगतीतल्या लोकांनीही पाहिलं आणि हात थांबवले.

सासूबाईंचा हात ढवळता ढवळता थांबला. मागे न वळता त्या म्हणाल्या, "झिला, कॉक कित्या बारीक केलंस? साराक अजून उकळी येवक नाय. आणि भिंतीच्या कॉकाक असो हात लावचो नाय, फिटरान सांगल्यान तां इसारलंस? विझलो आणि परत सोडलंस म्हणजे?"

ह्यांनी कॉक होता तसा केला. सासूबाईंनी पळी पातेल्यावर आपटून झटकली.

"तुका वाटता मी गावाक घाबरतंय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, मिठाबद्दल बोलल्यासारखा. "मी घाबरणंय नाय. थंय माका कोण उपाशी ठेवचो नाय, ठावक आसा माका. पण थंय वाढतले ते कीव करून वाढतले. जल्मभर मी वाढलंय, झिला. कोणाक कीव करून वाढूक नाय."

ह्यांचा चेहरा मी पाहिला आणि नजर खाली घातली. वरच्या मजल्यावरचं दार फोडलं त्या दिवशी घरी आले तेव्हा होता, तसा तो दिसत होता. मला वाटलं, हे काहीतरी मोठं बोलतील. ते दाराशी गेले, ट्रंकेवर बांधलेलं आईचं लुगड्याचं गाठोडं सोडलं आणि आत आणून तिच्या स्टुलाशेजारी ठेवलं. मग पंगतीत एक पाट ओढला आणि बसले.

"वाढ गे आये," म्हणाले. "भूक लागली."

त्या वर्षी गणपतीला आम्ही तिघंही गावाला गेलो. वहिनींनी पडवीतली खाट दाखवली, सासूबाईंनी ती चाचपून पाहिली, बरी आहे म्हणाल्या. विसर्जन झाल्यावर तिघंही परत आलो.